वाचकांचे प्रश्न : स्वस्तातली जपानी तलवार

प्रश्न (जळगाव) : भावाने ऑनलाइन मागवलेली कताना घरी आली आहे. जाहिरातीत ‘१०९५ पोलाद, हजार पदरी घडण, फुल टँग’ असं सगळं होतं. दिसायला झकास आहे. यातलं खरं किती, हे घरी कसं तपासायचं?

उत्तर : दिसणं राहू द्या, आधी मूठ उघडा. स्वस्त तलवार दगा देते ती मुठीत. फिरवताना पातं मुठीतून सुटलं तर समोरच्याच्या अंगावर जातं, आणि मुठीतला दोष बाहेरून दिसत नाही.

पात्याला जाड कापड गुंडाळा. मुठीवरच्या गोफाच्या चौकटींत बांबूची एक किंवा दोन मेखा दिसतील, त्यांना मेकुगी म्हणतात. मेख निमुळती असते. तिचं बारीक तोंड शोधा, त्यावर पितळी सळीचा तुकडा टेकवा आणि हलक्या हातोडीने दोन-तीन ठोके द्या. जाड तोंडाकडून ठोकलीत तर ती जास्तच रुतते आणि लाकूड चिरतं. मेख निघाल्यावर डाव्या हातात मूठ धरून पातं उभं, जरा तिरकं ठेवा आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर ठोसे द्या. पातं हळूहळू वर सरकतं. मेख काढूनही ते अजिबात हलत नसेल, तर आत एपॉक्सी ओतल्याचा संशय घ्या. भोक सैल कोरलं गेलं की ते लपवायला काही जण हा उद्योग करतात.

मुठीत शिरणारा पात्याचा भाग म्हणजे नाकागो. मूठ २६-२८ सें.मी. असेल तर नाकागो १८-२० सें.मी. तरी हवा. तो टोकापर्यंत पोचत नाही म्हणून घाबरू नका, जपानी तलवारीत तो पोचतच नाही. ‘फुल टँग’, म्हणजे मुठीच्या टोकापर्यंत गेलेला नाकागो, हा शब्द तिथे मुळात बसतच नाही. पाहायचं ते एवढंच, की नाकागो पात्यातूनच रुंद उतरत आलाय का. बारीक सळई वेल्डिंग करून मागे नट आवळलेला दिसला तर ती तलवार भिंतीवर टांगा, हातात फिरवू नका. मग मुठीच्या आत बॅटरी मारा. खाच नाकागोच्या मापाची हवी. कागदाच्या घड्या किंवा लाकडाच्या चिपा कोंबलेल्या असतील तर काम कच्चं आहे. तडा बहुतेक मेखेच्या भोकापासूनच सुरू होतो, तिथे नीट बघा.

पोलादासाठी लोहचुंबक लावून बघण्यात अर्थ नाही. स्वस्त पात्यांतलं ४२० आणि ४४० स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. त्यापेक्षा नाकागोच्या स्वच्छ पुसलेल्या जागेवर लिंबाचे दोन थेंब टाका. कैरी चिरल्यावर लोखंडी विळी काळवंडते, तसा दहा-पंधरा मिनिटांत करडा डाग पडला तर कार्बन पोलाद आहे. चकचकीतच राहिलं तर स्टेनलेस. स्टेनलेस सुरीला उत्तम, पण ७० सें.मी. लांबीच्या पात्यात ते आघाताने काडकन तुटू शकतं. तपासून झालं की जागा धुऊन, कोरडी करून तेल लावा.

१०९५ म्हणजे सुमारे ०.९५ टक्के कार्बन, १०६० म्हणजे ०.६०. हा आकडा घरी पडताळता येत नाही, आणि मोठा आकडा म्हणजे चांगली तलवार असंही नाही. कार्बन वाढला की धार कडक होते, सोबत ठिसूळपणाही येतो. खरी गोम आहे ती पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून कसं बुडवलंय, यात. नवख्या हाताला १०६० किंवा ९२६० हे स्प्रिंगचं पोलाद जास्त सांभाळून घेतं.

हजार पदरांचं म्हणाल तर दहा वेळा घडी घातली की १०२४ पदर होतात, एवढंच ते गणित. जपानी लोहार घड्या घालत, कारण तातारा भट्टीतल्या ‘तामाहागाने’ नावाच्या पोलादात कार्बन एकसारखा नसे आणि मळी असे. आजचं कारखान्यातलं पोलाद मुळातच एकजीव असतं. त्यावर घड्या घालून फक्त नक्षी मिळते, आणि घडी नीट जुळली नाही तर आत फट. नख पात्यावरून आडवं फिरवा. कुठे अडकलं तर तिथे भिंग लावून बघा.

प्रश्न (धुळे) : धारेलगत पांढरी लाट आहे. हामोन, म्हणजे कडक धार आणि मऊ पाठ यांच्या सीमेवर उमटणारी ही लाट, खरा की ओढलेला?

उत्तर : ट्यूबलाइट बंद करा, एकच उघडा बल्ब लावा आणि बल्बचं प्रतिबिंब लाटेच्या जवळ येईल असं पातं तिरकं करत जा. खरा हामोन रेषेसारखा दिसत नाही. तो धुक्याचा पट्टा असतो, त्यात बारीक चमकते कण दिसतात आणि लाट टोकापर्यंत जाऊन मागे वळते. ॲसिडने किंवा तारेच्या ब्रशने काढलेली लाट सपाट पांढरी असते, एकच वळण छापल्यासारखं पुन्हापुन्हा येतं आणि टोकाजवळ ती गडबडते.

शंका राहिली तर इंचभर जागेवर मेटल पॉलिश घासा. पांढरेपणा दोन्हींचा जातो, कारण खऱ्या हामोनवरही कारखान्यात ॲसिडचा हात फिरवलेला असतो. मग तिथे लिंबाचा रस चोळा. धार कडक आणि पाठ मऊ असेल तर दोन्ही भाग वेगवेगळे काळवंडतात आणि लाट परत उमटते. खोटी परत येत नाही. एक खूण जाहिरातीतच मिळते. ९२६० किंवा ५१६० या स्प्रिंगच्या पोलादांत पाणी खोलवर चढतं, त्यामुळे पाठ मऊ राहावी म्हणून मातीचा लेप देऊनही ठसठशीत हामोन उठणं अवघड. त्यावर ठळक लाट दिसली की संशय घ्यावा.

आणि पातं वाकवून बघू नका. मातीचा लेप देऊन पाणी दिलेलं पातं वाकलं तर वाकलेलंच राहतं. तो दोष नव्हे, पाठ मऊ ठेवल्याचा परिणाम आहे.

प्रश्न (भुसावळ) : दिवाळीत घट्ट असलेली तलवार मे महिन्यात खुळखुळते. म्यान उलटं केलं की पातं घसरतं. पावसाळ्यात गंजही धरतो.

उत्तर : आपल्याकडच्या ४४-४५ अंशांच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसणारच. आवाज कुठून येतो ते आधी शोधा. हातरक्षकाची तबकडी, म्हणजे त्सुबा, हलत असेल तर तिच्या दोन्ही बाजूंच्या पातळ चकत्या, सेप्पा, कमी पडताहेत. भांड्यांच्या दुकानातून अर्धा मि.मी. पितळी पत्रा आणा, त्याच मापाची एक चकती कापून घाला. मूठच हलत असेल तर मेख बदला. काठीच्या जून, पक्क्या बांबूची, आतल्या बाजूची नव्हे, सालीकडची कडक चीप घ्या.

म्यानाच्या तोंडात पात्याच्या मुळाशी असलेला पितळी पट्टा, हाबाकी, घट्ट बसायला हवा. आतून व्हिजिटिंग कार्डाइतकी पातळ लाकडी पट्टी भाताच्या खळीने चिकटवा. जपानी कारागीरही म्यान भाताच्या खळीनेच जोडतात, म्हणजे पुढे ते उघडता येतं. फेविकॉल नको, कारण जुलैत लाकूड फुगलं की हीच पट्टी काढावी लागते.

गंजासाठी शिलाई मशीनचं तेल पुरतं, अगदी पातळ हात. तेल ओघळत असेल तर जास्त झालं, ते म्यानात मुरतं. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल चिकट होतं, लावू नका. पात्याला बोट लागलं तर लगेच पुसा. पावसाळ्यात घामाचा ठसा दोन दिवसांत गंजतो.

प्रश्न (रावेर) : केळीच्या खांबावर चालवून बघू का? घड काढल्यावर बागेत खांब पडलेलेच असतात.

उत्तर : खांब पाण्याने भरलेला आणि मऊ. त्यात बोथट कोयताही आरपार जातो, त्यामुळे धारेची परीक्षा होत नाही. जपानी रीत भिजवलेल्या तातामी चटईच्या गुंडाळीवर कापण्याची आहे. खांबावर मुठीची मात्र चांगली परीक्षा होते. पाच वार केल्यावर मेख सरकली का, गोफ अंगठ्याने ढकलल्यावर हलतो का, ते बघा. चीक लगेच साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर पात्यावर काळा डाग बसतो आणि तो पॉलिशनेही सहज जात नाही. समोर आणि मागे कुणी उभं नको.

प्रश्न (चाळीसगाव) : ट्रकच्या पाट्यापासून लोहाराकडून करून घेतली तर?

उत्तर : पाटा चांगल्या स्प्रिंग पोलादाचा असतो, पण वापरून थकलेल्या पाट्यात न दिसणारे तडे असतात. शिवाय कोयत्याच्या भट्टीत एवढं लांब पातं एकसारखं तापत नाही. चुंबक चिकटेनासं झालं की थोडं आणखी तापवून तेलात बुडवावं लागतं. पाण्यात बुडवलं तर तडकण्याची भीती. त्यानंतर परत मंद तापवून ठिसूळपणा उतरवावा लागतो. हे शेवटचं काम टाळलं तर पातं काचेसारखं राहतं.

प्रश्न (नंदुरबार) : घरात ठेवायला परवाना लागतो का?

उत्तर : शस्त्र कायदा, १९५९ खालच्या २०१६ च्या नियमांत तलवार आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं धारदार शस्त्रांत मोडतं. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत, म्हणून कोयता चालतो. मागवण्याआधीच जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत विचारा. सणासुदीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदी लागते, तेव्हा तलवार घेऊन रस्त्यावर निघालात तर गुन्हा दाखल होतो. नुसता सराव करायचा असेल तर लाकडी तलवार, बोक्केन, घ्या, किंवा जस्त-ॲल्युमिनियमचा बिनधारेचा इआइतो. इआइतो मात्र कशावरही आपटू नका, तो मोडतो.