यंत्राने अंथरलेला मल्चिंग पेपर एका कडेला उघडा राहतो

प्रश्न : ढोबळी मिरचीसाठी पाच फुटांवर बेड पाडून ट्रॅक्टरच्या यंत्राने मल्चिंग पेपर (बेड झाकायचे पातळ प्लास्टिक) अंथरतो. एक कड उघडी राहते, वारा सुटला की पेपर फडफडतो, फाटतो. बंडल बदलूनही फरक नाही.
– एक शेतकरी, ता. पलूस, जि. सांगली

उत्तर : बंडलाकडे नंतर बघा, आधी बेडवर टेप धरा. 1.2 मीटर पेपरचे गणित असे : माथा 60 सेंमी, दोन्ही उतार मिळून 36, उरलेले 24 म्हणजे प्रत्येक कडेला 12 सेंमी मातीखाली. बेड फूटभर उंच केलात तर उतारच सगळा पेपर खातात आणि गाडायला काही उरत नाही. त्यामुळे उंची 15 सेंमीच्या आसपास ठेवा.

एकच कड उघडी राहत असेल, तर ट्रॅक्टरच्या खालच्या दोन्ही लिंक समान उंचीवर आहेत का ते पाहा. बाजूच्या साखळ्या ढिल्या असल्या तर यंत्र डोलते आणि पेपरही सरकतो. बंडल धरणारे दोन्ही शंकू मध्यापासून सारख्या अंतरावर हवेत. मग 10 मीटर चालवून थांबा, दोन्ही कडांची माती उकरून मोजा. फरक निघाला तर शंकू सरकवा.

पुढचे कारण बहुतेक वेळा मातीतच असते. काळ्या जमिनीत वाफसा (मशागतीजोगा ओलावा) यायच्या आत रोटाव्हेटर फिरवला तर ढेकळे होतात. दाबचाक त्यांवर उडते, पेपर चरात बसत नाही, आणि मागचे तवे (माती ओढणाऱ्या चकत्या) ढेकळेच कडेवर ओढतात. त्यांच्या फटींतून वारा आत शिरतो. चाकापुढे पेपर फाटत असेल तर बंडलाचा ब्रेक सैल करा; सुरकुत्या पडत असतील तर थोडा आवळा. वेग ताशी 2 ते 3 किलोमीटरच ठेवा.

सैल पेपरचा खरा तोटा रोप लावल्यावर दिसतो : खालची गरम हवा छिद्रातून वर येते आणि कोवळे खोड भाजते. पहाटेच्या गारव्यात ताणलेला पेपर दुपारी ढिला पडतो, म्हणून ऊन चढल्यावर, वारा नसताना अंथरा. सुरुवातीचे टोक फावड्याने हाताने गाडूनच ट्रॅक्टर हलवा. ठिबकची नळी ड्रिपर वर करून, पाणी सोडून तपासलेली असावी. पेपरखाली चोंदलेला ड्रिपर शोधणे फार जिकिरीचे.

प्रश्न : कलिंगडाला सहा फुटांवर बेड आहेत. एकरी पेपरची बंडले किती, जाडी किती मायक्रॉन?
– एक वाचक, फलटण, जि. सातारा

उत्तर : एकराचे 43,560 चौरस फूट भागिले 6, म्हणजे 7,260 फूट, साधारण 2,213 मीटर. 400 मीटरची सहा बंडले घ्या. कलिंगडाला 25 मायक्रॉन चालतो. मिरची-टोमॅटोसारख्या लांब मुदतीच्या पिकाला 30 घ्यावा. त्याहून पातळ पेपर स्वस्त वाटतो, पण यंत्राच्या ताणाला तुटतो आणि पीक निघाल्यावर गोळा करताना तुकडे होऊन रानातच राहतो.