मदतीच्या पात्रतेचं आमिष दाखवल्यावर सरकारं धोरणं सुधारतात का, हे मोजायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नांदेडला अर्थशास्त्रात एम.ए. करताय. ‘निकष पूर्ण करा, मग मदत देऊ’ असं सांगितल्यावर गरीब देशांची सरकारं खरंच सुधारणा करतात का, हा लघुप्रबंधाचा विषय आहे. अमेरिकेच्या मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशनचे (एमसीसी, निकष पूर्ण करणाऱ्या गरीब देशांना मदत देणारी सरकारी संस्था) आकडे घेऊन पात्रतेच्या रेषेवर रिग्रेशन डिसकंटिन्यूइटी (रेषेच्या जरा अलीकडच्यांची आणि जरा पलीकडच्यांची तुलना) लावली तर चालेल का, असं विचारलंय.

आकडे चालतील, पद्धतही चांगली आहे, पण त्या रेषेवर लावली तर उत्तर भलत्याच प्रश्नाचं येईल. का ते सविस्तर सांगतो, कारण या विषयात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

आधी योजना समजून घ्या. घोषणा मार्च 2002 मध्ये झाली, संस्था जानेवारी 2004 मध्ये उभी राहिली आणि मे 2004 मध्ये पहिले 16 देश निवडले गेले. सुरुवातीला निर्देशक 16 होते: न्याय्य कारभाराचे 6, लोकांवरच्या गुंतवणुकीचे 4, आर्थिक स्वातंत्र्याचे 6. प्रत्येक गटातल्या निम्म्या निर्देशकांवर देश आपल्या उत्पन्नगटाच्या मध्यकापेक्षा वर हवा आणि भ्रष्टाचार नियंत्रणात तर वर हवाच. (आर्थिक वर्ष 2012 पासून निर्देशक 20 झाले. त्यांतले किमान 10 पार करायचे, भ्रष्टाचाराची अट कायम, शिवाय लोकशाही हक्कांचा एक निर्देशक सक्तीचा.) पण या स्पर्धेत उतरायलाच एक आधीची अट आहे: दरडोई उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत हवं.

म्हणजे रेषा दोन आहेत. उत्पन्नाची रेषा स्पर्धेत कोण उतरू शकतं ते ठरवते. मध्यकाची रेषा कोण जिंकलं ते ठरवते. आठवीच्या एनएमएमएस शिष्यवृत्तीचंच घ्या. साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातली मुलंच परीक्षेला बसतात. शिष्यवृत्तीच्या आशेने मुलं जास्त अभ्यास करतात का, हे पाहायला तुम्ही एका गुणाने मिळालेला आणि एका गुणाने हुकलेला यांची तुलना केलीत, तर काय कळेल? अभ्यास दोघांनीही केलेला असतो. ती तुलना शिष्यवृत्ती मिळाल्याने पुढे काय झालं ते सांगते, आशेने काय झालं ते नाही. आशेचा परिणाम पाहायचा तर साडेतीन लाखांच्या जरा आतली आणि जरा बाहेरची मुलं समोरासमोर ठेवावी लागतात. मध्यकावर डिसकंटिन्यूइटी लावली की तुम्ही नेमकी पहिली तुलना करता.

त्यात मध्यकाची रेषा काटेकोर पाळलीही जात नाही. अंतिम निवड संचालक मंडळ करतं. जॉर्जिया 2004 मध्ये भ्रष्टाचाराच्या निकषावर मध्यकाखाली होता, तरी निवडला गेला, कारण नवं सरकार नुकतंच आलं होतं.

म्हणून मुख्य मापन उत्पन्नाच्या रेषेवर करा. देश इतके थोडे आहेत की रेषेलगत मोजकेच सापडतात, तेव्हा शुद्ध डिसकंटिन्यूइटीऐवजी डिफरन्स-इन-डिफरन्सेस घ्या: मर्यादेखालच्या देशांत योजनेआधी आणि नंतर किती बदल झाला, त्यातून मर्यादेच्या जरा वरच्या देशांत त्याच काळात झालेला बदल वजा करायचा. डग जॉन्सन आणि ट्रिस्टन झायोंक यांनी 2006 मध्ये हाच मार्ग घेतला होता आणि त्यांना प्रोत्साहनाचा परिणाम दिसला. हार्वर्डमधला तो निबंध नीट वाचा, मांडणी तिथूनच शिकण्यासारखी आहे.

आता करताना कुठे बिघडतं ते.

मर्यादेखालचे देश आणि तुलनेसाठीचे मर्यादेवरचे देश (नियंत्रण गट) असे गट एकदाच पाडा, 2002 च्या उत्पन्नावरून, आणि नंतर कुठलाही देश मर्यादा ओलांडून गेला तरी हलवू नका. दरवर्षी नव्याने वर्गीकरण केलंत तर सुधारणा करून श्रीमंत झालेला देश नियंत्रण गटात जाऊन बसतो आणि परिणाम पुसला जातो. दुसरं, आर्थिक वर्ष 2006 पासून निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांनाही दार उघडलं गेलं. म्हणजे तुमचा नियंत्रण गट त्या वर्षापासून स्वतःच स्पर्धेत उतरला. स्वच्छ तुलनेची खिडकी त्यामुळे 2002 ते 2005 एवढीच उरते. 2010 पर्यंतचे आकडे एकत्र घालून ‘परिणाम नाही’ असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल.

‘आधी’चं शेवटचं वर्ष कोणतं, हाही कळीचा प्रश्न आहे. सरकारं घोषणा ऐकताच हालचाल करू शकतात. ओलर, नुनेनकांप आणि द्रेहर यांच्या 2012 च्या अभ्यासात भ्रष्टाचार नियंत्रणावरचा परिणाम घोषणेनंतर लगेच दिसला, पण पैसा कधी आणि किती मिळणार हे धूसर होत गेलं तसा तो ओसरला. ते समजण्यासारखं आहे. 2006 पर्यंत वर्षाला 5 अब्ज डॉलरचं आश्वासन होतं आणि अमेरिकन काँग्रेसने त्या वर्षी पावणेदोन अब्जांच्या आसपासच रक्कम मंजूर केली. म्हणून 2004 ही सुरुवात धरू नका. 2002 धरा आणि वर्षागणिक गुणांक वेगळे काढून आलेख ठेवा.

इथे एक अडचण येईल. भ्रष्टाचार नियंत्रणाचा जागतिक बँकेचा निर्देशक 2002 पर्यंत वर्षाआडच निघायचा: 1996, 1998, 2000, 2002. मधली वर्षं सरळ रेषेने भरून काढू नका. प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) खोटीच लहान दिसते. शिवाय ही मोजपट्टी दरवर्षी जगाची सरासरी शून्य धरून बसवलेली होती. सगळं जग सुधारलं तरी आकडा हलणार नाही, फक्त देशाचं सापेक्ष स्थान कळेल. प्रत्येक आकड्यासोबत प्रमाण त्रुटी छापलेली असते, ती वापराच. एका वर्षातला बदल बहुतेक वेळा तिच्या आतच असतो.

निर्देशक दोन ढिगांत वाटून घ्या. काही सरकारच्या हातात असतात: व्यवसाय नोंदणीला लागणारे दिवस, प्राथमिक शिक्षणावरचा खर्च, लसीकरण. काही लोकांच्या आणि तज्ज्ञांच्या मतांवर उभे असतात आणि वर्षा-दोन वर्षांनी मागून येतात. प्रोत्साहन काम करत असेल तर पहिला ढीग आधी हलायला हवा. दोन्ही एकाच वेळी हलले तर दुसरंच काहीतरी घडत असल्याची शंका घ्या. 16 निर्देशक वेगवेगळे तपासलेत, तर काहीही परिणाम नसतानाही 5 टक्के पातळीवर किमान एक ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता (ते परस्परांपासून स्वतंत्र धरले तर) 56 टक्के होते. म्हणून गटनिहाय एक संयुक्त निर्देशांक आधीच ठरवून ठेवा.

व्यवसाय नोंदणीच्या दिवसांबद्दल सावध राहा. हे आकडे देणारा ‘डुइंग बिझनेस’ अहवाल 2003 मध्ये सुरू झाला, त्यामुळे 2002 आधीचा कल तपासताच येत नाही. पुढे त्याची क्रमवारी स्वतःच एक प्रोत्साहन झाली. भारताचंच बघा: 2015 च्या अहवालात 142 वा होता, 2020 च्या अहवालात 63 वा. त्यामागे एमसीसीचा एक डॉलरही नव्हता. आकड्यांत फेरफार झाल्याचं उघड झाल्यावर जागतिक बँकेने 2021 मध्ये तो अहवालच बंद केला. हा निर्देशक घ्या, पण निष्कर्ष त्याच्यावर टांगू नका.

सुधारणा कागदावरची की खरी, हे तपासल्याशिवाय लघुप्रबंध पूर्ण झाला असं मी मानणार नाही. उपाय सोपा आहे: ज्याच्यावर बक्षीस ठरतं तो आकडा आणि त्याच गोष्टीचा, पण बक्षिसाशी संबंध नसलेला आकडा शेजारी ठेवायचा. लसीकरणात याचा ठळक पुरावा आहे. ‘गावी’ (Gavi) ही लसीकरणाची जागतिक आघाडी, लस मिळालेल्या प्रत्येक वाढीव मुलामागे 20 डॉलर द्यायची. 2008 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासाने सरकारी आकडे घरोघरच्या सर्वेक्षणांशी ताडून पाहिले. सरकारांच्या हिशेबाने वाढीव मुलं होती 1 कोटी 39 लाख, सर्वेक्षणाच्या हिशेबाने 74 लाख. तुम्हीही लसीकरणासाठी डीएचएस (घरोघर जाऊन केलेली आरोग्य) सर्वेक्षणं आणि व्यवसायासाठी जागतिक बँकेची एंटरप्राइझ सर्वेक्षणं वापरू शकता. अधिकृत आकडा वर गेला आणि सर्वेक्षणाचा जागेवरच राहिला, तर हलली ती नोंदवही.

मध्यकाचा उपयोग अजिबात नाही असं मात्र नाही. मध्यकाच्या खूप खालच्या देशाला आशा नसते, खूप वरच्याला गरज नसते, जोर लागतो तो रेषेच्या थोडं खाली. म्हणून आधी-नंतर आणि मर्यादेखाली-मर्यादेवर या दोन फरकांच्या जोडीला ‘मध्यकापासूनचं अंतर’ हा तिसरा फरक म्हणून घाला. पण सरासरीकडे परतण्याचा परिणाम इथे फसवतो: एखाद्या वर्षी वाईट गुण पडलेला देश पुढच्या वर्षी आपोआप थोडा वर येतोच. त्यावर उतारा म्हणजे हेच गणित नियंत्रण गटात खोटा मध्यक धरून आणि 2002 आधीच्या वर्षांत करून बघणं. तिथेही ‘परिणाम’ दिसला तर मूळ निष्कर्ष गेला. अंतर मोजताना एमसीसीने त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या देशाच्या गुणपत्रिकेतला आकडा घ्या, कारण सरकारने तोच पाहिला होता. नंतर दुरुस्त झालेली मालिका फक्त परिणाम मोजायला वापरा.

आणखी एक गफलत टाळा. लेसोथोने 2006 मध्ये कायदा करून विवाहित स्त्रियांचा कायदेशीर अज्ञान दर्जा रद्द केला आणि 2007 मध्ये एमसीसीशी करार झाला. उदाहरण मोलाचं आहे, पण ती पात्र ठरल्यानंतरच्या वाटाघाटीतली अट होती. पात्रतेच्या आशेचा पुरावा म्हणून ते मोजू नका. अशा प्रत्येक उदाहरणात मसुदा कधी तयार झाला, मंत्रिमंडळासमोर कधी आला, गुणपत्रिका कधी आली, या तारखा एका ओळीत मांडा. मसुदा 2002 आधीच तयार असेल तर श्रेय देता येत नाही. जॉर्जिया, आर्मेनिया, मोल्दोवा यांच्याबाबतीत युरोपीय संघाची ओढही त्याच काळातली आहे, म्हणून त्यांना वगळून आकडे पुन्हा एकदा काढा.

देश कमी पडतात, ही मर्यादा शेवटपर्यंत राहील. म्हणून माझी सूचना: दुसरं प्रकरण मराठवाड्यावर करा. हागणदारीमुक्त झालेल्या ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या निर्मल ग्राम पुरस्काराची रक्कम ग्रामपंचायतीच्या लोकसंख्येवर ठरायची. 1000 च्या आत 50 हजार, 1000 ते 1999 ला 1 लाख, 2000 ते 4999 ला 2 लाख, 5000 ते 9999 ला 4 लाख, त्यापुढे 5 लाख. 1999 वस्तीच्या पंचायतीला माणशी सुमारे 50 रुपये आणि 2000 च्या पंचायतीला 100. काम जवळपास तेवढंच, आमिष दुप्पट. ही रेषा कोण जिंकलं ते ठरवत नाही, आमिष किती ते ठरवते. त्यामुळे तुमची डिसकंटिन्यूइटी इथे अगदी योग्य बसते. अर्थशास्त्रज्ञ डीन स्पीअर्स यांनी देशपातळीवर हे टप्पे वापरले आहेत.

लोकसंख्या 2001 च्या जनगणनेची घ्या. पुरस्कार 2003 मध्ये जाहीर झाला, त्यामुळे तो आकडा पुरस्कारासाठी कुणी फुगवलेला असू शकत नाही. परिणाम म्हणून 2011 च्या जनगणनेतलं घरात शौचालय असलेल्या कुटुंबांचं प्रमाण घ्या, पुरस्कारांची यादी नको. 1000 ची रेषा टाळा, पंतप्रधान ग्रामसडक योजनेचाही तोच आकडा आहे. 5000 वर आरोग्य उपकेंद्राचा निकष आडवा येतो. 2000 त्यातल्या त्यात स्वच्छ. ग्रामपंचायत सदस्यसंख्येचे टप्पे 1500, 3000, 4500 असे आहेत, ते हिच्यावर पडत नाहीत. रेषेच्या दोन्ही बाजूंना आधी 200, मग 400 लोकसंख्येची पट्टी घेऊन उत्तर टिकतं का पाहा.

जनगणना गावाची, पुरस्कार पंचायतीचा. हिंगोली, नांदेड, बीडकडे गट ग्रामपंचायती पुष्कळ आहेत, तिथे गावांची बेरीज केल्याशिवाय लोकसंख्या कळणार नाही. मधल्या काळात एखादा तांडा वेगळा होऊन त्याची स्वतंत्र पंचायत झाली असेल, तर ती जोडी नमुन्यातून काढून टाका. ही जुळणी जिल्हा परिषदेच्या यादीवरून हाताने करावी लागते आणि लघुप्रबंधाचा निम्मा वेळ तिथेच जाईल, तेव्हा सुरुवात एका जिल्ह्यापासून करा.