स्ट्रीट फायटर अल्फा ३ या मारामारीच्या गेममध्ये मित्रासोबत खेळताना गाय (Guy) या खेळाडूचा इझुना, म्हणजे उडी घेऊन हवेतून धरून आपटायची मूव्ह, मारताना पकड लागत नाही, नुसता कोपर बसतो आणि कधीकधी तर काहीच निघत नाही. माझं काय चुकतंय? आणि त्याच्या धावण्याच्या मूव्हमध्ये कोणती किक काय करते?

कोपर बसतोय म्हणजे पंच लवकर दाबताय, बाकी काही नाही. खाली-पुढे फिरवून पंच मारला की गाय उडी घेतो, हवेत परत पंच दाबला की गेम एवढंच बघतो की समोरचा आत्ता किती जवळ आहे. चिकटला असेल तर धरून डोक्यावर आपटतो, लांब असेल तर कोपर. म्हणून धीर धरा, घाई करू नका.

पण "कधीकधी काहीच निघत नाही" हे वाचलं आणि मी जेवण सोडून लिहायला बसलो. तुम्ही दोघं एकाच कीबोर्डवर खेळता का हो?

२००८, हॉस्टेल, रूममेटचा असेंबल्ड पीसी, त्यावर एम्युलेटर (जुने गेम पीसीवर चालवणारा प्रोग्राम). प्रत्येकी चार दिशा आणि सहा बटणं म्हणजे एका कीबोर्डवर वीस बटणं आणि दोन माणसं, खांद्याला खांदा. मी कायम गाय घ्यायचो, त्यामुळे माझ्या खोलीचं नाव गोठा पडलेलं आणि मी आलो की कोणीतरी हंबरायचंच. तर आमची हॉस्टेलची फायनल, समोर एक सीनियर (सर म्हणायचो त्यांना, तेव्हा म्हणावंच लागायचं) केन हा खेळाडू घेऊन, हरणाऱ्याने सगळ्यांना भुर्जीपाव द्यायचा. तिसरा राउंड, दोघांची एनर्जी संपत आलेली, सर कोपऱ्यात खाली बसून ब्लॉक करतायत. मी उडी घेतली, अगदी अंगावर आलो, पंच दाबला. काही नाही. परत दाबला, काही नाही. गाय दगडासारखा खाली आला आणि सरांनी शोर्युकेन (केनचा उडी मारून वर जाणारा ठोसा) ठेवून दिली.

मी ओरडलो, बटण लागलं नाही! सर शांतपणे म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." वीस पोरं हसली. भुर्जीचे पैसे मी दिले.

खरं कारण मला वर्षभराने कळलं. स्वस्त कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला वेगळी वायर नसते, आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. त्यात एका चौकोनाचे तीन कोपरे दाबलेले असले की चौथा दाबलाय की नाही हे कीबोर्डला ओळखता येत नाही, मग तो चौथं बटण सरळ गिळतो. सरांनी खाली, मागे आणि एक किक धरून ठेवलेली, चौथा माझा पंच. मी नोटपॅड उघडून त्यांची तिन्ही बटणं दाबून ठेवली आणि माझं पंचचं दाबलं, अक्षर उमटलंच नाही! रूममेटला दाखवलं तर म्हणतो, "अरे मग तेव्हाच सांगायचं ना." तेव्हाच तर सांगत होतो! आणि सर एव्हाना पास होऊन गेलेले.

त्यामुळे आधी नोटपॅडमध्ये तपासा आणि गिळत असेल तर बटणं बदलून लावा, पंच जाळीत दुसरीकडे गेला की सुटतो. त्याहून बरं म्हणजे एकाने यूएसबी गेमपॅड घ्यावा. आणि तपासताना व्हिडिओ काढून ठेवा, नंतर कोणी मानत नाही. इझुना म्हणजे चीटिंग असं म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका, उडी दिसते, तिला शोर्युकेन मारता येते, मारली नाही तर तुमची चूक. (माझ्या वेळी मारली, पण ते वेगळं.)

हां, वेगा (Vega) या दुसऱ्या खेळाडूच्या इझुनाला हे सगळं जसंच्या तसं लावू नका, तिथे पंचासोबत दिशाही धरावी लागते. धावण्याच्या मूव्हचं विचारलंत ते थोडक्यात: हलकी किक थांबवते, मधली घसरून पाय काढते, जोराची वरून मानेवर बसते. आणि दोघांकडे पॅड असतील तर माझं कीबोर्डचं सगळं पुराण सोडून द्या, मग टायमिंगच चुकतंय.