‘शाला’ म्हणणाऱ्या मुलीला ओरडू नका

घणसोलीहून एका बाईंनी विचारलंय : ‘आमची मुलगी गावठाणातल्या आगरी मैत्रिणींबरोबर खेळून “शाला”, “पानी”, “घोरा” म्हणायला लागलीय. याला आगरी टोन म्हणायचं, लहेजा म्हणायचं की हेल? आणि मालवणी कानाला गोड लागते, आगरी मात्र भांडण चालल्यासारखी वाटते, असं का?’

टोन आधी फेकून द्या. रंगाला टोन, फोनला टोन, वर रागावून बोललं तरी ‘टोन खाली कर’. लहेजा अरबीतला, फारसी-उर्दूच्या वाटेनं आलेला. शब्द देखणा आहे, मुशायऱ्यात शोभतो. आपला शब्द हेल. पण हेल म्हणजे वाक्याचा चढउतार, शेवटचा स्वर कुठे लांबवला, कुठे तोडला तो. तुमच्या मुलीचं ‘शाला’ हा हेल नव्हेच, तो उच्चार. नागपूरकराचं ‘करून राहिला’ हे तर व्याकरण. तिन्ही गोष्टी एका पोत्यात भरून वर ‘अशुद्ध’ अशी चिठ्ठी लावायची, हे गेली वीस वर्षं ट्रान्सहार्बर लोकलच्या डब्यात ऐकून माझे कान किटले आहेत.

अशुद्ध कशावरून? संस्कृतात शब्द आहे शाला. फल, कमल, मूल, काल. आपण त्यातल्या ‘ल’चा ‘ळ’ केला आणि शाळा, फळ, कमळ, मूळ, काळ म्हणू लागलो. आगऱ्यांनी जुना ‘ल’ जपून ठेवला असं मी म्हणत नाही. त्यांच्या तोंडी ‘ळ’ सरसकट ‘ल’ होतो, एवढंच. पण शुद्धतेची फूटपट्टी संस्कृतची लावायची असेल तर ‘शाला’ म्हणणारी पोर पास आणि ‘शाळा’ म्हणणारे तुम्ही नापास. घोड्याचंही तेच. घोटकाचा घोडा झाला तेव्हा कुणी तक्रार केली नाही, आगऱ्यांनी एक पाऊल पुढे टाकून घोरा केला तर लगेच अडाणी.

आता मुद्द्याचं, म्हणजे मला ज्यासाठी लिहायचंय ते. ‘आगरी’ शब्द आला कुठून?

ठाण्यातले एक निवृत्त मास्तर दर दिवाळीला कुठे ना कुठे लिहितात की आगरी म्हणजे अग्रेसर, ‘अग्र’वरून. हेतू चांगला, व्युत्पत्ती कच्ची. चक्राचं चाक झालं, व्याघ्राचा वाघ झाला. असल्या जोडाक्षरातला ‘र’ मराठीत गळतो. ‘अग्र’ला तेवढी सवलत कशासाठी? दुसरा गट म्हणतो, ‘आगार’वरून, म्हणजे खोपटच्या एसटी आगारातलं आगार. हे ऐकायला बरं वाटतं, शिवाय मिठागर शब्दात दिसल्यासारखंही वाटतं. पण कोष्ठागाराचं मराठीत कोठार झालं, भांडागाराचं भांडार. त्याच चालीनं मीठ आणि आगार मिळून ‘मिठार’ व्हायला हवं होतं. मुलुंड पूर्वेच्या रस्त्यावर पाटी मिठागर रोडची आहे, मिठार रोडची नाही.

मूळ शब्द आहे ‘आकर’. आकर म्हणजे खाण. दोन स्वरांमधला ‘क’ प्राकृतात मऊ पडून ‘ग’ होतो : मकराची मगर झाली, प्रकटचं प्रगट झालं, तसं आकरचं आगर. जिथे एखादी गोष्ट उदंड निघते ती जागा आगर. म्हणून गुणांचं आगर, दोषांचंही आगर. नारळी-पोफळीच्या वाडीला आगर म्हणतात, अलिबागकडचं अष्टागर त्यातलंच. आणि खाडीचं पाणी बांधात घेऊन उन्हावर मीठ पिकवतात तेही आगर. ते राखणारा, कसणारा तो आगरी. हाच ‘आकर’ रत्नाकरात बसलाय, रत्न अधिक आकर, म्हणजे समुद्र. (प्रभाकर, दिवाकर वेगळे, ते ‘करणारे’. दरवेळी सांगावं लागतं.) समुद्राचं सगळ्यात भारदस्त नाव आणि समुद्राचं मीठ काढणाऱ्या माणसाचं नाव एकाच शब्दातून निघालं, हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आणि अजून गंमत पुढेच आहे. मीठ हा शब्द ‘मिष्ट’पासून आलेला, मिष्ट म्हणजे गोड, रुचकर. मिठाईचा सख्खा भाऊ. म्हणजे मिठागराचा अक्षरशः अर्थ काढला तर गोडाची खाण! आणि त्या खाणीतल्या माणसांची बोली तुम्हाला गोड लागत नाही.

इंग्रजी अमलात देशभरच्या भाषा-बोली नोंदवणाऱ्या ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषिक सर्वेक्षणाचा सातवा खंड 1905 साली आला, तो मराठीचा. त्यात आगरी आहे, कोकणातल्या मराठीचा एक पोटप्रकार म्हणून. त्या खंडाचा दाखला देऊन ‘आगरी म्हणजे किरकोळ फरक’ असं छातीठोक सांगणारे मला भेटतात. बोलीबोलीतून बायबलातल्या उधळ्या मुलाची गोष्ट लिहून मागवायची, ही त्या कामाची मुख्य रीत. कागदावर आलेल्या गोष्टीत हेल कसा सापडेल? तो ऐकायचा तर नवी मुंबईतल्या करावे किंवा दिवाळे गावात सकाळी जाऊन उभं राहावं.

बरं, मालवणी गोड का. काही जण सांगतात की खाडीच्या वाऱ्यात मोठ्यानं बोलावं लागे म्हणून आगरी खणखणीत. मग मालवणच्या किनाऱ्यावर वारा पडलेला असतो का? बोली कानावर येते कुठून, फरक त्यात आहे. मालवणी तुम्ही ऐकलीत मालवणी नाटकांतल्या मच्छिंद्र कांबळींच्या तोंडून, तिकीट काढून, हसायच्या तयारीनं. आगरी ऐकलीत ती हळदीच्या रात्री डीजेवरून, झोपायच्या तयारीत. आणि नवी मुंबई वसवणारी सिडको 1970 साली आली, त्यानंतर भातशेती आणि मिठागरं गेली, त्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या गॅलरीतून. माणूस आवडला की त्याचा हेल आवडतो, उलटं सहसा होत नाही.

तर हेल लिहा. लहेजाही चालेल, मी भांडणार नाही. टोनवर मात्र भांडेन. मुलगी थोरल्या भावाला ‘दादूस’ म्हणायला लागली की कळवा. त्या ‘ऊस’बद्दल माझ्याकडे एक तर्क आहे, तो वेगळा लिहावा लागेल.