केसपेपरवरचा ‘नाही’

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र दोनदा वाचले. प्रबंधासाठी उतारवयातील मॅक्युलाच्या (डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाच्या) ऱ्हासामागची जनुके घ्यावीत की सवयी आणि परिसर, यावर तू महिनाभर अडून बसली आहेस. जनुकांचे आकडे ठसठशीत आणि सवयींचे भुसभुशीत, असे विभागातील वरिष्ठ तुला सांगतात. त्यांचे निरीक्षण बरोबर आहे. त्यावरून ते जो निष्कर्ष काढतात, तो मला मान्य नाही.

2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अवघे 96 रुग्ण आणि 50 निरोगी माणसे होती, तरीही कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच या जनुकातील एक बदल स्पष्टपणे हाती लागला. प्रथिनाच्या साखळीत 402व्या जागी टायरोसिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन येते, एवढाच तो फरक. पण आई आणि वडील दोघांकडूनही तो आलेल्यांमध्ये आजाराचा धोका सातपटीहून अधिक दिसला. 2016 पर्यंत जनुकसंचातील अशा 34 जागा सापडल्या. रक्ताच्या थेंबातले अक्षर कोणीही वाचले तरी तेच निघते, म्हणून हे उत्तर इतके लख्ख मिळाले. धूम्रपानानेही या आजाराचा धोका वाढतो, पण विडीचे तसे नाही. कोण विचारतो, कशा स्वरात विचारतो आणि शेजारी सून उभी आहे की मुलगा, यावर तिचे उत्तर बदलते. सवयींचा आकडा भुसभुशीत निघतो, त्याला बव्हंशी आपला आळस कारणीभूत असतो. ओपीडीत तुला शंभर वेळा सांगितले, तेच पुन्हा सांगतो: विचारल्याशिवाय ‘नाही’ लिहू नकोस.

यामागे माझी स्वतःची चूक आहे, आणि ती तुला कधी सांगितली नाही. 2001 च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत मध्यम अवस्थेतील रुग्णांचा आजार पुढच्या अवस्थेत जाण्याचा धोका जीवनसत्त्वे व जस्ताच्या गोळ्यांनी सुमारे 25 टक्क्यांनी घटलेला दिसला, आणि मी त्या गोळ्या उत्साहाने लिहून देऊ लागलो. त्यांत बीटा कॅरोटीन होते. धूम्रपान करणाऱ्यांना ते दिल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढते, हे फिनलंडमधील अभ्यासाने 1994 सालीच दाखवले होते. एका निवृत्त गृहस्थांच्या केसपेपरवर माझ्याच अक्षरात ‘व्यसन: नाही’ असे होते. दोन वर्षांनी ते सहज बोलून गेले की तीस वर्षे रोज एक कट्टा विडी ओढून नुकतीच सोडली होती. मी विचारलेच नव्हते. स्वच्छ धोतर आणि टापटीप बोलणे पाहून लिहून टाकले होते. गोळी त्याच दिवशी बंद केली. पुढे 2013 च्या चाचणीनंतर बीटा कॅरोटीनच्या जागी ल्यूटीन आणि झिआझँथिन ही रंगद्रव्ये आली, पण ती दोन वर्षे मला परत घेता आली नाहीत. सकाळी शंभर रुग्ण तपासायचे असत, हे खरे आहे, आणि ते मी आजही सांगेन. तरी त्या प्रश्नाला दहा सेकंद लागले असते.

आणि बायकांचे काय? त्यांच्या कागदावर तर आपण हात न थांबवता ‘नाही’ लिहितो. मिश्रीला त्या व्यसन मानतच नाहीत, ते दात घासणे आहे. ‘तंबाखू खाता का’ असे विचारलेस तर त्या प्रामाणिकपणे नाही म्हणतील. ‘मिश्री दिवसातून किती वेळा लावता’ असे विचार. मॅक्युलाच्या बाबतीत भक्कम पुरावा धुराचा आहे, म्हणूनच मिश्रीचा रकाना वेगळा ठेव. दोन्ही एका खणात टाकलेस तर दोन्ही हिशेब बुडतील.

नीट विचारले तर काय मिळते, हे अमेरिकेतील चेसापीक उपसागरावरच्या 838 मच्छीमारांच्या अभ्यासात बघ; तिथे आजार वेगळा, मोतीबिंदूचा. प्रत्येकाला वयाच्या सोळाव्या वर्षापासून पाण्यावर किती काळ गेला, टोपी होती का, चष्मा होता का, हे विचारले आणि त्याला प्रकाशाच्या प्रत्यक्ष मापनाची जोड दिली. 1988 मध्ये निष्कर्ष आला: अतिनील-ब किरणांचा एकूण मारा दुप्पट झाला की कॉर्टिकल (भिंगाच्या बाहेरच्या थरातील) मोतीबिंदूचा धोका 1.6 पट होतो, न्यूक्लिअर (भिंगाच्या गाभ्यातील) मोतीबिंदूशी मात्र संबंध नाही. एवढी सूक्ष्म रेषा नीट प्रश्न विचारून आणि मापन करून ओढली गेली, आणि तुझे वरिष्ठ सवयींना भुसभुशीत म्हणतात!

तेव्हा जनुके सोडून दे, असे मी म्हणत नाही. जनुकांचा वारसा आणि विडी एकत्र आले की धोका कितीतरी वाढतो, आणि रुग्णाला त्यातले विडीचेच काय ते बदलता येते. शक्य असेल तर रक्ताचा नमुना घेऊन ठेव. पण प्रबंध सवयींवर कर, आणि प्रश्नावली तू स्वतः भर, इंटर्नकडे सोपवू नकोस. नातेवाइकांना बाहेर बसव. विडी, सिगारेट, मिश्री, गुटखा वेगवेगळे विचार. कधी सुरू केली, कधी सोडली, दिवसाला किती, हेही. ‘सोडली’ हा रकाना ‘नाही’मध्ये मिसळू नकोस, माझे गृहस्थ तिथेच हरवले. चूल किती वर्षे आणि घराला धुराडे होते का, हे मोतीबिंदूसाठी विचार. मसुदा पुढच्या आठवड्यात पाठव. प्रत्येक ओळ मी वाचणार आहे.

तुझा,
सर