पहिला कोयता घेताय? आधी एवढं बघा

सर्वात आधी, ते मागे करवतीचे दात, मुठीत होकायंत्र असलं सर्व्हायवल नाइफ मागवू नकोस, मूठ पोकळ म्हणजे पातं आत जेमतेम अडकवलेलं, जोरात चार घाव घातले की हलायला लागतं. आपल्याकडच्या रानात कारवी, बांबू, वाळलेल्या फांद्या एवढंच तर तोडायचं असतं, त्याला लोहाराकडचा साधा कोयता भारी पडतो. गाडीच्या पाट्याचा (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा) बनवून माग, गंज लागतो पण धार टिकते आणि घरी लावताही येते.

घेताना बघायचं:
- पातं १०-१२ इंच बास. नवीन लोक हौसेने लांबलचक घेतात आणि अर्ध्या तासात मनगट धरतं.
- पात्याचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं हवं
- मूठ हातात घट्ट बसली पाहिजे, गुळगुळीत पॉलिशवाली नको, घामाने सटकते

म्यान नसेल तर तो घेऊच नकोस, आणि तोडताना घावाच्या रेषेत आपला पाय नाही ना हे प्रत्येक वेळी बघायचं, कोयता फांदीवरून घसरून नडगीवर आला की जखम होते. बोथट असेल तर जास्तच घसरतो बरं का.

अभयारण्यात परवानगीशिवाय नेता येत नाही, आणि पुण्यात तर बॅगेला बाहेरून लटकवून फिरू नको, पोलीस थांबवणारच. शेतावर नाहीतर गावी नेऊन वाळक्या लाकडावर हात बसव. धार कुठल्या कोनात, पाणी कसं दिलंय (म्हणजे पातं तापवून, थंड करून कडक कसं केलंय) वगैरे नंतर बघू, आत्ता फक्त दोन्ही बाजूंनी वापरता येणारा धारेचा दगड घे.