आधी कागद माग, मग सरकारला शिव्या दे

प्रिय पोरा,

परवा तू मोबाईलवर त्या कागदाचा फोटो दाखवलास तेव्हापासून मला नीट झोप नाही. वर कन्नडात मोठ्या अक्षरात 'ओप्पिगे पत्र', म्हणजे संमतीपत्र, खाली बारा तास ड्युटीला माझी हरकत नाही, त्याच्या खाली तुझं नाव आणि तारखेची जागा कोरी. तू म्हणालास, काका सगळ्यांनी केली सही, मी पण करून टाकतो, सरकारच असलं आहे तर कागद वाचून काय होणार. आणि मग पाऊण तास सरकारवर बोललास.

सरकारवरचा राग मला समजावून सांगू नकोस गा. मी बघितलंय की सगळं. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथल्या कर्नाटक सरकारनं कारखाना कायदा बदलून दिवसाला बारा तासांची सोय करून दिली, तीन महिन्यातल्या ओव्हरटाइमची ७५ तासांची मर्यादा जवळपास दुप्पट केली. मे महिन्यात सरकार बदललं, तो बदल काय मागे घेतला नाही. जुलै २०२४ मध्ये भूमिपुत्रांना नोकऱ्या म्हणून बिल आणलं, त्यात कन्नड लिहिता वाचता येण्याची अट, आपल्या खानापूर, निपाणीकडच्या मराठी पोरांच्या पोटात गोळा आला, आणि दोन दिवसात कंपन्यांनी ओरड केली तसं ते बिल बासनात. दिल्लीनं २१ नोव्हेंबर २०२५ ला २९ कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता लागू केल्या, कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची ती १०० कामगारांवरून ३०० वर नेली. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत ३०० माणसांच्या फौंड्र्या, ओतकामाचे कारखाने, किती आहेत सांग बघू मला. म्हणजे बहुतेक मालकांना आता विचारायचीच गरज नाही. राग यायलाच पाहिजे.

पण कागद वाच. त्याच २०२३ च्या बदलात दोन अटी होत्या, कामगाराची लेखी संमती पाहिजे आणि आठवड्याला ४८ तासांच्या वर नको. म्हणजे बारा तास केलेस तर चार दिवसात आठवडा संपला. तुला सहा दिवस बोलवतात, ७२ तास झाले. वरचे २४ तास ओव्हरटाइम, डबल रेटनं, आणि तेरा आठवड्यात ते तीनशेच्या पुढं जातात, एवढा ओव्हरटाइम कुठल्याच कायद्यात बसत नाही. नव्या संहितेत पण ओव्हरटाइमला तुझी संमती लागतेच. म्हणून तर तो कागद तुझ्या हातात आलाय! तुझ्या सहीला किंमत नसती तर मुकादम तुझ्या मागं फिरला नसता.

मी हे एवढं तावातावानं का सांगतोय, तर माझं ऐक. १९९४ ते २००८ चौदा वर्षं मी एकाच गेटातून आत गेलो. आधी फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासायला, मग मोल्डिंगला, साचे करायला. गेट तेच, भट्टी तीच, पण काँट्रॅक्टरचं नाव तीनदा बदललं, दर वेळी नवीन रजिस्टर, नवीन सही, आणि मी एकदाही विचारलं नाही की जुन्याचं काय झालं. पगारातून पीएफ कापायचे, स्लिप द्यायचे नाहीत. मी मात्र दर १ नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातलं त्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत पुढं, प्रत्येक मोर्चात पुढं, घोषणा द्यायला आवाज खणखणीत. शेवटी पीएफ ऑफिसला गेलो तर हिशोबात सातच वर्षं निघाली. पेन्शनला दहा लागतात. आज कमीत कमी पेन्शन हजार रुपये आहे, हजारात काय येतं म्हणशील, पण ते पण मला नाहीत रे. आणि ग्रॅच्युइटी? सलग नोकरी दाखवायला कागद कुठं होता.

आणि २००८ ला 'हिशोब पूर्ण मिळाला' असं लिहिलेल्या कागदावर मी पण सही केली. तुझ्या बाबांनी तेव्हा माझ्याशी बोलणं टाकलं होतं, वीस-बावीस जणं सही न करता बाहेर बसलेली आणि हा सही करून आला म्हणून. आई दवाखान्यात होती, डिपॉझिट भरायचं होतं. मी अजून म्हणतो मी घाबरून सही केली नाही. दुसरा कुठलाच रस्ता नव्हता मला. पण झेरॉक्स मागितली असती तर काय बिघडलं असतं? तेवढं एक मी आजपर्यंत स्वतःला माफ केलेलं नाही.

तेव्हापासून माझ्या घरात कागदाशिवाय काही होत नाही, बायको वैतागते, वैतागू दे.

आता भाषेचं. परिपत्रकं मराठीत पाहिजेत ही मागणी रास्त आहे आणि मी मरेपर्यंत करणार. १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलं होतं की कारखान्यातल्या नोटिसा बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावा. मग मराठीत द्या म्हणून माग की, लेखी माग, अर्जाच्या कॉपीवर पोच घे. पण मिळेपर्यंत कन्नड येत नाही म्हणून न वाचता सही करायची हे मला चालणार नाही. दहावीपर्यंत शिकलास ना कन्नड? मग अक्षर लावून वाच. भाषेचा अभिमान आणि अडाणीपणा एक नाही, हे बोललो की आपली माणसं माझ्यावर चिडतात, चिडू देत.

पुण्याला जातो म्हणतोस. जा. चाकणला काय, आणि इथं बेळगावजवळ मच्छ्यात काय, काँट्रॅक्टर सगळीकडं आहे. तिथं पण पहिल्या दिवशी नेमणूकपत्र माग, नव्या संहितेत ते प्रत्येक कामगाराला द्यायचं आहे. पीएफचा यूएएन नंबर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा खाते नंबर, माग, पासबुक दर महिन्याला मोबाईलवर बघ, तासभर रील बघतोस तिथं दोन मिनिटं हे बघ. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड माग, तुझ्या पगारातले पाऊण टक्के जातात त्याला. दिलं नाही तर व्हॉट्सॲपवर विचार, नाही म्हणाले तरी ते लिहिलेलं राहतं.

एकट्यानं मागितलंस तर काढून टाकतील ही भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. म्हणून चार जणं मिळून मागा. तुझ्या पाळीत खानापूरच्या बसनं येणारी ती तिघं आहेत ना, त्यांना पण घेऊन ये रविवारी.

तिसऱ्या रेल्वे गेटजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून दोन-दोन कॉप्या काढून आण, सही न केलेल्या त्या कागदाच्या. सही कुणी करू नका तोवर. मी सकाळी घरीच आहे, तुझ्या बाबांना पण यायला सांग, माझ्याकडं येत नसले तरी.

तुझा,
काका